याडीसमोरचं ताट

बसस्टँडसमोरच्या लिंबाखाली चपला शिवणारा एक म्हातारा बसतो. रणजीत त्याच्याकडून पट्ट्याला आणखी एक भोक पाडून घेत होता, आणि एका हातानं कमरेशी पँट धरून उभा होता, तेव्हा तांड्यावरचा भावसिंग समोर येऊन थांबला. मोंढ्यात हळद विकून आला असावा. सदऱ्यावर, भुवयांवर पिवळी धूळ होती. त्यानं रणजीतकडं पाहिलं, पुढं गेला, परत वळला, नीट पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "तुला बी निघालं का रे?" काय निघालं ते त्यानं म्हटलं नाही. तांड्यावर त्या दुखण्याचं नाव कोणी घेत नाही. रणजीतच्या याडीला, म्हणजे आईला, रुख्मिणीबाईला, अन्ननलिकेत गाठ निघाल्यापासून सगळे नुसतं 'निघालं' एवढंच म्हणत. "न्हाई," रणजीत म्हणाला. "मंग इतका काहून वाळला?" "शुगरचं औषध चालू हाय." भावसिंगनं मान हलवली. समोरचा खरं सांगणार नसेल तर आपणही फार खोदू नये, अशी ती मान होती. "रविवारी ये तिकडं," तो म्हणाला, "याडी तुझ्या वाटेकडं डोळे लावून बसती." आणि गेला. म्हाताऱ्यानं पट्टा हातात दिला. नव्या भोकातही तो सैलच बसला.

ऑफिसकडं चालताना रणजीतला 'निघालं' या शब्दापेक्षा 'बी' जास्त टोचत राहिलं. तुला बी. म्हणजे तांड्यावर हे आधीच बोलून झालं होतं. पाराजवळ, हातपंपावर, थोरल्या भावाच्या घरी सोजरावहिनीच्या चुलीपुढं लोकांनी दोघांना शेजारी शेजारी ठेवून पाहिलं होतं. आणि त्यांचं तरी काय चुकलं, असं त्याला वाटलं. गेल्या दिवाळीपासून आई आणि मुलगा एकाच चालीनं उतरत होते. त्याचे सदरे खांद्यावरून ओघळायला लागले त्याच सुमारास तिच्या चोळीच्या बाह्या दंडावर सैल पडल्या. त्याच्या हनुवटीखालचं मांस गेलं आणि तिच्या गालाची हाडं वर आली. फरक एवढाच की हिंगोलीत, भूमी अभिलेखच्या ऑफिसात, लोक त्याला म्हणत, साहेब, दहा वर्षांनी लहान दिसून राहिले. आणि तांड्यावर तिच्याकडं पाहून लोक बोलायचे थांबत. त्याला हा फरक आजपर्यंत फार मोठा वाटत आला होता. आज बसस्टँडपासून ऑफिसपर्यंतच्या रस्त्यात तो कुठं तरी गळून पडला, आणि दुकानाच्या काचेत दिसलेला उंच, सैल, खोल डोळ्यांचा माणूस त्याला क्षणभर तांड्याच्या नजरेनं दिसला.

रणजीत मुळात खाणारा माणूस. तांड्यावर लग्न असलं की त्याला वाढायला एक माणूस वेगळा ठेवावा लागे, आणि लोक आपलं जेवण आटोपून त्याचं जेवण बघत बसत. त्यात थट्टा होती, पण अभिमान जास्त होता. ज्या तांड्यातली माणसं दर दिवाळीनंतर बिऱ्हाड पाठीवर घेऊन ऊस तोडायला जात, तिथलं एक पोरगं शिकलं, सरकारी मोजणीदार झालं, हे ठीकच. पण ते पोरगं असं पोटभर, निवांत, कोणाला न घाबरता जेवतं, हे लोकांना शिक्षणापेक्षा जास्त कळत होतं. रुख्मिणीबाईचं मोजमाप तर त्याहून वेगळं. तो घरी आला की ती आधी त्याचं मनगट धरायची, अंगठा आणि मधलं बोट त्याच्याभोवती फिरवून बघायची, आणि बोटं एकमेकांना भिडली नाहीत की समाधानानं हात सोडून द्यायची. थोरला अमरसिंग आणि धाकटा रणजीत यांच्या मधली तिची दोन लेकरं उसाच्या फडावरच्या खोपीत गेली होती. "त्यांची मनगटं माझ्या बोटांत फिरायची," एवढंच ती एकदा म्हणाली होती, भाकरी थापता थापता, पाठमोरी. ती स्वतः कधी जेवायची हे मात्र रणजीतला आठवत नव्हतं. सगळ्यांचं झाल्यावर, चुलीकडं तोंड करून, पदराआड काहीतरी चालायचं. लहानपणी त्याची समजूतच होती की आया जेवत नसतात.

आणि मग, गेल्या दिवाळीआधी, ते औंढ्याजवळचं शेत. बांधावर मोजणीचं यंत्र उभं करताना त्याचा श्वास संपला. अडकला नाही, संपलाच, कणगीतलं धान्य संपावं तसा. तो ढेकळात बसला आणि ज्यांच्या भांडणाची मोजणी करायला गेला होता ते दोन्ही भाऊ भांडण विसरून त्याच्या डोक्यावर पाणी ओतत राहिले. तपासणीत शुगर वर, रक्तदाब वर, लिव्हरला सूज. नांदेडच्या डॉक्टरीणबाई शांत होत्या, घाबरवणाऱ्या नव्हत्या. वजन उतरलं नाही तर काय काय होईल ते त्यांनी सांगितलं, पण रणजीतला ते ऐकायची गरज नव्हती. त्याचे वडील लालसिंग हिंगोलीच्या घरात, पुढच्या खोलीत, याच शुगरनं गेले होते. आधी काटा रुतला, मग बोट काळं पडलं, मग पाऊल, मग गुडघा. त्यांना बोट दुखत नव्हतं म्हणून त्यांनी ते धोतरात लपवून ठेवलं होतं. त्या खोलीतला वास भिंतींना दोनदा चुना देऊनही गेला नव्हता. निदान रणजीतच्या नाकातून तरी नाही. म्हणून डॉक्टरीणबाई जेव्हा म्हणाल्या की आठवड्यातून एकदा पोटाच्या कातडीत घ्यायचं इंजेक्शन आहे, भूक आटोक्यात येईल, शुगर उतरेल, पण दर महिन्याला तपासणीला यावंच लागेल आणि मनानं काही करायचं नाही, तेव्हा त्यानं लगेच हो म्हटलं. त्याची बायको मिना हिनं ते पेनासारखं इंजेक्शन फ्रिजच्या दारात लोणच्याच्या बरणीमागं ठेवलं. पहिल्या वेळी तिनंच टोचलं. मुंगी चावली एवढंसुद्धा दुखलं नाही.

पहिले काही आठवडे मळमळीत गेले. नंतर एके दुपारी सेनगावकडून मोजणी करून परतताना त्याच्या लक्षात आलं की डबा तसाच आहे, आणि लक्षात येऊनही काही वाटलं नाही. तो गाडी बाजूला लावून आत कान देऊन बसला. गिरणीशेजारी राहणाऱ्या माणसाला तिची घरघर ऐकू येत नाही, आणि एक दिवस लाइट गेल्यावरच कळतं की ती इतके दिवस चालू होती. तसं झालं होतं. जन्मापासून त्याच्या आत चाललेलं काहीतरी थांबलं होतं. आधी सुटका वाटली. आखाडा बाळापूरच्या चौकातली भज्यांची कढई लांबून दिसली की त्याची गाडी पूर्वी आपोआप हळू व्हायची. आता ती कढई नुसती कढई राहिली, तेल नुसतं तेल. जिना चढताना गुडघे बोलेनासे झाले. मिना म्हणायची, घोरणं गेलं तुमचं. शुगरचे आकडे बघून तो स्वतःच चकित व्हायचा. पण कधी कधी, ताटावर बसल्यावर, समोरची वांग्याची भाजी एखाद्या ओळखीच्या माणसासारखी दिसायची, ज्याचं नाव आठवत नाही. आणि तेव्हा त्याला भीती वाटायची. कशाची ते सांगता आलं नसतं. भूक ही त्याला आईकडून मिळालेली गोष्ट होती. तिनं ती त्याच्यात घातली, वाढवली, मनगट धरून मोजली. आता ती कुणाला न विचारता त्यानं काढून टाकली होती, असं काहीतरी.

आईच्या गाठीचं कळलं ते त्यानंतर. अमरसिंग फोनवर म्हणाला होता, "याडीला घास उतरून न्हाई राहिला. पाणी बी अडकतंय." रणजीत तिला नांदेडला घेऊन गेला. गाठ खूप पुढं गेली होती. काही इंजेक्शनं झाली, किरणांचा शेक झाला, आणि मग मोठ्या डॉक्टरांनी नळीची गोष्ट काढली. "नाकात नळी घालून मी काय गाय हाय का," रुख्मिणीबाई म्हणाली आणि तोंड फिरवून बसली. त्या दिवशी तिथल्या काट्यावर तिला उभं केलं तेव्हा सिस्टरनं आकडा पाहिला, मागचा कागद पाहिला, आणि काही न बोलता डॉक्टरकडं नेला. डॉक्टरनं कपाळाला आठी घातली. जे जाईल ते घाला पोटात, वजन राखायला पाहिजे, असं तो रणजीतला बाजूला घेऊन म्हणाला. रणजीतची स्वतःची तपासणीची तारीखही तीच होती. इतक्या लांब परत कोण येणार, म्हणून तो आईला घेऊनच त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या दवाखान्यात गेला. तिला बाकावर बसवलं. तिथंही काटा होता. रणजीत चढला, सिस्टरनं आकडा पाहिला, मागचा कागद पाहिला, आणि तिचा चेहरा फुलला. "मस्त कमी झालं, सर," ती मोठ्यानं म्हणाली. डॉक्टरीणबाई आतून बाहेर आल्या, त्याही हसल्या, त्यांनी त्याचं अभिनंदन केलं. रुख्मिणीबाई बाकावरून हे सगळं बघत होती.

परतीच्या वाटेवर आखाडा बाळापूरला त्यानं तिच्यासाठी चहा घेतला. बशीत ओतून गार केला. ती एकेक थेंब जिभेवर घेऊन गिळायची वाट बघत होती, डोळे मिटून, जसं कुणी दुसऱ्या खोलीतला आवाज ऐकावा. बऱ्याच वेळानं म्हणाली, "तिकडच्यानं काटा पाहून तोंड पाडलं. अन् ही हसली. काहून?" "ते वेगळं, याडी." "काटा तर सारखाच हाय." "माझं वजन जास्ती होतं. ते कमी करायचं औषध चालू हाय."  मग तिनं नेहमीसारखं त्याचं मनगट धरलं. अंगठा आणि मधलं बोट एकमेकांजवळ आली, अगदी जवळ, आणि थांबली. तिनं हात सोडला तो समाधानानं नव्हे. रणजीतला तेव्हाच पुढचं बोलायला हवं होतं. पण समोर ती गार चहाशी झगडत होती, आणि तिच्यासमोर बसून, मी न खाण्यासाठी इंजेक्शन घेतो, हे कोणत्या तोंडानं सांगावं ते त्याला सुचलं नाही. त्यानं गाडी सुरू केली.

भावसिंग भेटल्यानंतरच्या रविवारी तो साखरा गावाकडून आत, तांड्यावर गेला. वाटेवर कुणीतरी हळद शिजवत होतं, वाफेचा तो मातकट, गोडसर वास शिवारभर पसरला होता. अमरसिंगनं दारातच सांगितलं, "तिनं सोजराला मटण करायला लावलं. तू येणार म्हून. सकाळपासून तेच चाललंय." रुख्मिणीबाईची बाज ओसरीवरून आत, चुलीच्या बाजूला आणली होती. तिनं मुद्दाम आणवली होती. तिला खाता येत नव्हतं, पण भाजलेल्या मसाल्याचा वास तिला हवा होता, भाकरी फुगताना बघायची होती. आणि त्याहून जास्त, रणजीत जेवताना बघायचा होता. "इथं बस," ती म्हणाली, "माझ्यासमोर. तोंड इकडं कर." सोजराबाईनं ताट ठेवलं. लाल तर्री, बाजरीची भाकरी, फोडलेला कांदा. कालच इंजेक्शनचा दिवस होता. रणजीतनं पहिला घास घेतला आणि तो तोंडात फिरत राहिला. त्यानं गिळला. आई त्याच्या गळ्याकडं बघत होती. घास खाली उतरताना तिच्याही गळ्याचं हाड हललं. दुसऱ्या घासालाही हललं. ती त्याच्याबरोबर गिळत होती. तिच्या चेहऱ्यावर इतका उजेड आला की रणजीतला थांबता येईना. भाकरी संपली, वहिनीनं दुसरी टाकली, आई म्हणाली, "रस्सा वाढ त्याला." पोट केव्हाच दगडासारखं भरलं होतं, कपाळावर गार घाम सुटला होता, आणि तरी त्यानं तिसरी अर्धी घेतली. "बघ," रुख्मिणीबाई अमरसिंगला म्हणाली, "लोक कायबी बोलतेत."

मग तो उठला, हात धुवायला म्हणून गोठ्यामागं गेला, आणि सगळं बाहेर पडलं. आवाज होऊ नये म्हणून त्यानं तोंडात रुमाल कोंबायचा प्रयत्न केला, पण पोट ऐकत नव्हतं. भिंतीला डोकं टेकून तो उभा राहिला. तोंड धुऊन आत आला तेव्हा चूल तशीच होती, ताट उचललेलं होतं, आणि आईच्या चेहऱ्यावरचा उजेड गेला होता. "उलटी झाली न तुला," ती म्हणाली. त्यानं ओले हात पँटला पुसले. "मला बी तसंच होतं पयल्यांदा. खाल्लं की बाहेर." "न्हाई, याडी. मला ते न्हाई." "माझ्या अंगातून गेलं तुझ्यात," ती म्हणाली, अगदी हळू, जणू एखादं भांडं कुठं हरवलं ते आता तिला आठवलं होतं. "पोटात असतानाच गेलं असंल."

तेव्हा त्यानं सांगितलं. बाजेच्या काठावर बसून, तिचा हात हातात घेऊन सांगितलं. त्यांचं घरातलं बोलणं नेहमी गोरमाटीत, बंजाऱ्यांच्या बोलीत, चाले, आणि आज रणजीतच्या लक्षात आलं की त्या बोलीत भुकेबद्दल त्याच्याकडं किती तरी शब्द आहेत. सकाळची भूक, वाटेवरची भूक, लेकराला झोपवूनही न झोपणारी भूक. पण माणसानं आपणहून घेतलेल्या, भूक न लागण्याच्या औषधाला त्याला शब्द सापडेना. तो अडखळत मराठीत शिरला. "मी सुई घेतो, याडी. डॉक्टरनं देलेली. तिनं भूक लागत न्हाई." "भूक लागावं म्हून सुई?" "लागू न्हाई म्हून." रुख्मिणीबाईनं अमरसिंगकडं पाहिलं, सोजराबाईकडं पाहिलं. मग ती हसली. हसताना घशात दुखलं म्हणून लगेच थांबली. "असलं कुठं औषध असतंय," ती म्हणाली. "माझ्यापासून लपवून नको राहू. तुझ्या बापानं बी बोट लपवलं होतं." रणजीतला वाटलं, आपण खोटं बोललो असतो तर तिनं विश्वास ठेवला असता. कामाचा ताण आहे, कावीळ झाली होती, काहीही. खरं तेवढंच तिला खरं वाटणं शक्य नव्हतं. जिनं चाळीस वर्षं भुकेच्या मागं मागं, दुसऱ्याच्या फडातून, दुसऱ्याच्या जिल्ह्यातून बिऱ्हाड हिंडवलं, तिला तो सांगत होता की भूक ही एक तकलीफ आहे आणि तिच्यावर औषध निघालं आहे.

पुढच्या खेपेला तो इंजेक्शनचं पेन बर्फाच्या डब्यात घालून घेऊन गेला. दाखवायला. मिनाही सोबत आली, तिनंही समजावलं. रुख्मिणीबाईनं पेन हातात घेतलं, उलटसुलट केलं, टोकाची बारीक सुई बघितली आणि परत दिलं. "मला बी नांदेडला सुयाच देल्या," ती म्हणाली. मग मिनाला म्हणाली, "तुला बी त्यानंच शिकवलं का असं सांगायला? तू बायको हायस त्याची. तू तरी त्याला टायमावर दवाखान्यात न्यायचं." मिना बाहेर येऊन ओसरीच्या खांबाला धरून उभी राहिली.  परतताना साखरा मागं पडलं तेव्हा रणजीतचं ठरलं होतं. सांगून ती मानणार नव्हती. तिच्यासमोर बसून, जेवून, आणि जेवलेलं पोटात ठेवूनच ते सिद्ध होणार होतं. त्यासाठी भूक परत पाहिजे होती. त्यानं इंजेक्शन घेणं बंद केलं.

मिनाला ते कळायला वेळ लागला नाही. लोणच्याच्या बरणीमागं पेन तसंच होतं. "काहून घेऊन न्हाई राहिले?" तिनं विचारलं. तो म्हणाला, थोडे दिवस. ती स्वयंपाकघरातच खाली बसली. "तुमच्या वडलांचा पाय मी धुतलाय रोज," ती म्हणाली. "तुमी मोजणीला जायचे. मी धुवायची. आता तुमचा धुवायला लावता का?" "तिला वाटतंय तिनं मला देलं हे," रणजीत म्हणाला. "असं वाटत वाटत जाईल ती." मिना फरशीवरून उठली. मग म्हणाली, "डॉक्टरला तरी विचारा." त्यानं फोन लावला. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. मनानं बंद करू नका, त्या म्हणाल्या, इकडे या, शुगर बघू, काय करायचं ते मिळून ठरवू, आईबद्दलही बोलू. येतो, असं तो म्हणाला. गेला नाही. दवाखान्यातली ती माणसं शहाणी होती, त्यांचं सगळं बराबर होतं, आणि त्यांच्यासमोर बसलं की त्याला आपलं म्हणणं गोरमाटीतून मराठीत आणि मराठीतून कागदावर आणावं लागलं असतं. तेवढं बळ त्याच्यात नव्हतं.

मग तो भुकेची वाट बघू लागला. आयुष्यात पहिल्यांदा. सकाळी उठल्याबरोबर पोटावर हात ठेवून पडून राही. दुपारी झाडाखाली डबा उघडून बसे आणि भाजीचा वास आत ओढून घेई, कुठं काही हलतं का बघत. काही हलत नव्हतं. औषध अंगात मुरलेलं होतं, ते आपल्या चालीनं जाणार होतं. तिकडं गाठ आपल्या चालीनं वाढत होती. कोण आधी, एवढाच प्रश्न होता, आणि शेतातल्या खांबावर नजर लावून रेघ जुळवताना रणजीतच्या मनात तो चालू राहायचा. पुढं भूक थोडी थोडी आली, परक्या घरी आलेल्या पाहुण्यासारखी, दारातच घुटमळत. अर्धी भाकरी जाऊ लागली. त्यासोबत तहान आली, तोंड कोरडं पडू लागलं. ती तहान त्याला वडिलांच्या उशाजवळच्या तांब्यापासून ओळखीची होती. तिकडं त्यानं लक्ष दिलं नाही. दर रविवारी तो आईसमोर बसून जेवत होता. मटण नको, साधं वरण-भाकरी. जेवल्यावर मुद्दाम तिथंच बसून राही, तासभर, हलत नसे. बघ याडी, राहिलं पोटात. पण तोवर ती बघण्यापलीकडं जात चालली होती. डोळे उघडले तरी नजर त्याच्या पलीकडच्या भिंतीवर असायची. गळ्याचं हाड आता त्याच्या घासाबरोबर हलत नव्हतं. शेवटच्या रविवारी त्यानं एक सबंध भाकरी खाल्ली, मनापासून, चवीनं, कितीतरी महिन्यांनी. त्यानं हाक मारली. तिनं डोळे न उघडताच हात पुढं केला, चाचपडत त्याचं मनगट शोधलं, बोटं भोवती फिरवली. अंगठा आणि मधलं बोट भिडली. भिडून एकमेकांवर चढली.  मग अमरसिंगच्या दिशेनं तोंड करून म्हणाली, "याला नांदेडला ने. माझ्यासारखा उशीर नको करू." अमरसिंग म्हणाला, "नेतो." त्यानंतर तिचं बोलणं कोणाला समजलं नाही.

फोन आला तेव्हा रणजीत सेनगावकडं एका माळावर मोजणीत होता. त्यानं यंत्र तसंच उभं ठेवलं आणि निघाला. दुपार उतरताना तिला नाल्यापलीकडं नेलं. ती इतकी हलकी होती की खांदेकऱ्यांना पावलं जुळवताना अडचण येत होती. ओझं असलं की पावलं आपोआप जुळतात. लोक रणजीतकडं बघत होते. खांदा देताना कुणीतरी त्याला बाजूला करून म्हणालं, तू नको, तुला झेपायचं न्हाई, आणि तो मुकाट्यानं बाजूला झाला. परत येताना सगळ्यांनी नाल्यातल्या डबक्यात पाय धुतले. तिथं, वाकलेला असताना, रणजीतच्या पोटात काहीतरी हललं. ते दुःख असेल असं त्याला वाटलं. इतका वेळ डोळ्यांतून आलं नव्हतं ते आता येईल, म्हणून तो तसाच वाकून राहिला. पण ते वर आलं नाही, खालीच गोल गोल फिरत राहिलं, आणि मग तोंडात पाणी सुटलं. त्याला कळलं. तो ताठ उभा राहिला आणि लोकांच्या मागं मागं चालू लागला. पावलागणिक ते वाढत होतं. पूर्वीसारखं नाही, पूर्वीपेक्षा जास्त. कितीतरी महिने कोंडलेलं जनावर सुटावं तसं. त्याला वास येत होते. चुलीचे, कांद्याचे, कुणाच्या तरी अंगणातल्या ओल्या शेणाचेसुद्धा, आणि त्या सगळ्या वासांनी त्याला भूक लागत होती.

घरात चूल पेटली नव्हती. शेजारच्या घरांनी कडू घास आणला होता, पिठलं आणि भाकरी. आईची बाज अंगणात उभी करून ठेवली होती. आत, चुलीच्या बाजूला, तेवढी जागा मोकळी होती, आणि दाटीत रणजीतला नेमकं तिथंच बसायला मिळालं. सगळ्यांनी रिवाजाप्रमाणे एकेक घास तोंडात घातला, कुणी दोन, आणि हात धुतले. अमरसिंगला तोंडात घातलेला घासही गिळवेना, तो गुडघ्यांत डोकं घालून बसला. बायका भिंतीकडं तोंड करून रडत होत्या. रणजीतनं एक घास घेतला. मग दुसरा. भाकरी गार होती, पिठल्यात मीठ जास्त पडलं होतं, आणि त्यानं आयुष्यात इतकं गोड काही खाल्लं नव्हतं. आपण थांबलं पाहिजे हे त्याला समजत होतं. हातही त्याचाच होता, पण तो भाकरीकडं जात होता, मोडत होता, तोंडाकडं येत होता. खोलीतलं रडणं हळूहळू थांबलं. त्याच्या चावण्याचा आवाज तेवढा राहिला. मिनानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि काढून घेतला. अमरसिंगनं डोकं वर करून पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते बघायला रणजीतनं नजर वर केली नाही. पहिल्यांदाच त्याला आत खात्री होती की हे पोटात राहणार आहे, सगळंच्या सगळं राहणार आहे. ताट पुसून झालं. त्यानं ते सोजराबाईपुढं धरलं.

"वहिनी," तो म्हणाला, "अजून हाय का?"